हेल्परच्या कार्डावरचा फिटर

वसराम,

तू पत्र्यावरून खाली पडलास त्याला आज चोवीस दिवस झाले. त्या दिवशी जिनिंग दुपारपर्यंत बंद ठेवली होती. मग शेठजी म्हणाले, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या आहेत, त्यांचा खोळंबा कशाला. दोन वाजता पट्टे पुन्हा फिरायला लागले. मी हजेरीच्या खोलीत बसून ऐकत होतो. सतरा नंबरची मशीन करकरत होती आणि कोणी उठून तिच्याकडे गेलं नाही.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये हेल्परचा मृत्यू. हेल्पर! ज्याच्या हाताशिवाय आमची एकही मशीन हंगामभर धड चालली नसती, तो हेल्पर. मी तो पेपर टराटरा फाडला. आमच्या हिनं विचारलं, "त्या पेपरवाल्याचा काय दोष?" खरंच, त्याचा काय दोष? त्याला पोलिसांनी सांगितलं, पोलिसांनी कार्डावरून वाचलं, आणि कार्डावरचं अक्षर माझं. तुझ्या नावापुढे तो शब्द मी लिहिला होता वसराम, आठ वर्षांपूर्वी. का लिहिला ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. तू ऐकणार नाहीस म्हणूनच सांगता येतंय, असा मी शूर.

बारा वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. अंगात निळा शर्ट, खिशात पाना. बस म्हटलं तर बसला नाहीस. "मशीन दाखवा बाबू, मंग नाव लिवा." शेडमध्ये तीस मशिनी एकदम चालू होत्या. त्या गदारोळात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. तू डोळे मिटून मधल्या वाटेनं चालत गेलास आणि परत येऊन म्हणालास, "चार, नऊ आन् बावीस. तिघींची सुरी रोलरले चिपकून राह्यली. चामडं करपून जाईन." उघडून पाहिलं तर तसंच. सुरी आणि रोलर यांच्यात केसाएवढी फट लागते. कमी झाली तर रोलरचं चामडं जळतं, जास्त झाली तर सरकी फुटून रुईत जाते आणि गाठीचा भाव पडतो. ती फट तू कानानं पकडायचास. शेठजींनी त्याच दिवशी तुझा पगार ठरवला आणि मी माझ्या वळणदार अक्षरात कार्डावर लिहिलं, फिटर, कुशल.

तो पगार माझ्या पगारापेक्षा जास्त होता.

हे एवढं वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली. आमच्या घरात तीन पिढ्या टेबल-खुर्ची. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काका शाळेत. मला सरकारी जागा मिळाली नाही म्हणून जिनिंगमध्ये आलो, पण पंख्याखाली आणि पेन हातात धरून. मुलगा ‘ऑफिसात’ आहे, असं वडील मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले. आणि इकडे तांड्यावरून सायकलनं येणारा, सातवी नापास, रॉकेलनं हात धुतल्याशिवाय डब्याला हात न लावणारा माणूस माझ्याहून जास्त घेऊन जातो! तुझं पगाराचं पाकीट तुझ्या हाती मीच द्यायचो. तू ते न उघडता खिशात घालायचास. "बरोबरच असन, बाबू." मला त्याचाही राग यायचा.

तरी तुझ्याशिवाय माझा दुपारचा चहा जात नसे, हेही तितकंच खरं. फाटकाबाहेरच्या टपरीवर आपलं रोजचं भांडण, आणि विषय एकच, कोणाला किती मिळतं आणि का.

"हमाल गाठीमागं घेते, खांद्याचे," तू बोटांवर मोजत म्हणायचास. "ग्रेडर कापसाले बोट लावते आन् डोयाचे घेते. मी कानाचे घेतो. पन यवतमाळहून तो वायरमन येते, दोन तारा जोडते आन् माह्या तीन दिवसाचे एका घंट्यात नेते. तो कायचे नेते?"

"भीतीचे," मी म्हणायचो. "विजेला सगळेच भितात."

"मंग पत्र्यावर चढाची भीती नाही वाटत का मानसाले? त्याचे काहून कोनी देत नाही?"

हे तू हसत हसत बोलला होतास. आता ते आठवलं की मी घरातल्या घरात उठून दुसऱ्या खोलीत जातो.

तुझी चंपा तिथंच सावलीत बायकांबरोबर डबा खात असे. कापूस मशीनवर जाण्याआधी त्यातला पाला आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून काढायचा हे तिच्या ओळीचं काम. सगळ्या जिनिंगमध्ये सर्वांत कमी रोजी त्या ओळीला. एकदा तू बायकोलाच डिवचायला म्हणालास, "पाला वेचाले कायची अक्कल लागते?" ती हात पुसत उठली. पदराच्या गाठीतून एक लोखंडी बोल्ट काढला आणि तुझ्यापुढे टाकला.

"हा सकाळी कापसात भेटला. मशीनमंदी गेला अस्ता त तुही सुरी गेली अस्ती, आन् ठिणगी पडली अस्ती त शेडबी गेलं अस्तं. डोयानं नाही दिसला, बोटानं भेटला. आता सांग, कुशल कोन?"

बायका खो खो हसल्या. तू बोल्ट हातात घेऊन बघत राहिलास. मी मात्र लगेच म्हणालो की काही झालं तरी सरकारी यादीत वेचणी अकुशलमध्येच येते. यादी माझ्या टेबलावर असायची ना. त्यावर तू माझ्याकडे वळलास. "आन् बाबू, तुमचं काम कोन्त्यात येते? कुशलमंदी का अकुशलमंदी?"

"आम्ही स्टाफ," मी म्हणालो.

"म्हंजे इकडेबी नाही आन् तिकडेबी नाही."

मी चहा अर्धा टाकून उठलो. दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तू माझ्या घरी आलास. हिची शिलाई मशीन अडत होती, हे मी कधीतरी बोललो असेन. तू ओसरीवरच बसून ती उघडलीस. आत ये म्हणायला मला अर्धा तास लागला वसराम, आणि तेही हिनं डोळे वटारल्यावर. मशीन पाण्यासारखी चालायला लागली. पैसे विचारले तर म्हणालास, "वायरमन अस्तो त घेतले अस्ते." आपलं भांडण तिथंच मिटलं. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही ते नाहीच.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी. दरवर्षी आपल्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागायची, त्या वर्षी शेडमध्ये कुत्री झोपू लागली. शेजारच्या दोन जिनिंगना कुलूप लागलं. शेठजींनी मला आत बोलावलं. म्हणाले, तीन फिटर काय पूजेला ठेवू? हेल्पर तेवढे ठेवतो, झाडायला-राखायला माणूस लागतो आणि तो स्वस्त पडतो. फिटर हंगामात बोलावू, आले तर आले.

मी म्हणालो, "वसरामला हेल्परच्या कार्डावर घ्या. काम तो फिटरचंच करेल. जातो कुठे?"

शेठजी माझ्याकडे बघतच राहिले. हे त्यांना सुचलं नव्हतं. ते धंद्याचे माणूस, पण ही अक्कल त्यांची नव्हती. माझी होती.

बाहेर येऊन तुला मी वेगळं सांगितलं. शेठजी तुला काढायलाच निघाले होते, मी हातापाया पडून वाचवलं. नावाला हेल्पर राहा, वरचे पैसे वेगळ्या पाकिटात मिळतील, पीक सुधारलं की परत फिटर. तू माझे दोन्ही हात धरलेस. तुझी नोकरी वाचली हे खोटं नाही, त्या वर्षी बाकीचे दोघे फिटर घरी बसले. पण तुझं नवं कार्ड लिहिताना मला आतून बरं वाटत होतं. या महिन्यापासून हा माझ्या खाली. एवढंच मनात होतं वसराम, त्या वर्षी गावोगाव लोक कपाळाला हात लावून बसले असताना माझ्या मनात एवढंच होतं.

वेगळं पाकीट एक हंगाम आलं. दुसऱ्या हंगामात ते निम्मं झालं आणि तिसऱ्यात बंद पडलं. पुढे एक वर्ष चांगलंही गेलं, कापूस आला, भाव आला. मी शेठजींना आठवण करून दिली नाही. तूही मला विचारलं नाहीस. बाबूनं आपल्यासाठी आधीच एवढं केलं, आता किती गळ घालायची, असं तुला वाटत असणार.

उलट तू मला होळीला तांड्यावर न्यायचास. पहिल्या वर्षीचं आठवतं. डफावर तुमची लेंगी रंगात आली होती, बायका-पुरुष फेर धरून गात होते. तू मला हाताला धरून मधे ओढलंस, तांड्याच्या म्हाताऱ्या नायकासमोर उभं केलंस आणि तुमच्या बोलीत काहीतरी म्हणालास. मला ‘नोकरी’ एवढाच शब्द कळला. नायक वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला. मी पाय मागे घेतले. लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

आणि वणीचं. ते तर मी हिच्याजवळही बोललो नाही. तिकडे कोळशाच्या खाणीवर एका ठेकेदाराला कोळसा वाहणारे पट्टे सांभाळायला फिटर हवा होता. पगार तुझ्या दुप्पट, आणि काम बारमाही, कापूस पिको न पिको. तू सकाळच्या एसटीनं गेलास. ठेकेदारानं तुला चालत्या पट्ट्यापाशी उभं केलं. तू नुसतं ऐकून बिघाड सांगितलास, तो खूश झाला. मग त्यानं कार्ड मागितलं.

"हेल्परच्या जागेवर ये म्हने," तू दुसऱ्या दिवशी मला सांगितलंस. "म्या म्हनलं, हेल्परच राहाचं हाये त आपलं लोहारा काय वाईट?" मग जरा घुटमळलास. "बाबू, शेठजीकून एक चिठ्ठी भेटन का? पयले फिटर होतो म्हनून?"

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. कोरे छापील कागदही होते. चार ओळींचं काम. मी म्हणालो, "नाही देणार रे शेठजी. उलट चिडतील." मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. तू गेलास तर मशिनी अडतील आणि बोलणी मला बसतील, हे एक कारण. दुसरं तुला आता कळलंच आहे. चिडला असतास तरी चाललं असतं. तू म्हणालास, "जाऊ द्या. कार्डाचं काय बाबू, मशीनले थोडीच वाचता येते!" आणि पाना घेऊन शेडमध्ये गेलास.

तू पडलास त्या सकाळी कापूस ओढणारा पाइप तुंबला. तो छपरावरून जातो. शेठजी शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "वसराम, पाहून घे जरा वर चढून." मी खिडकीतून हे माझ्या कानांनी ऐकलं. कमरेला पट्टा नव्हता, पायाखाली टाकायला फळी नव्हती. पत्रे किती जुने होते ते मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. तरी तू शिडी लावलीस, कारण पाइप साफ व्हायचा तर तो तूच करणार, हे ठरलेलंच होतं. पत्रा फुटला तेव्हा मोठा आवाजही झाला नाही. चंपा कापसाच्या ढिगापाशी बसली होती. तुझ्याखाली तो ढीग असता तर तू वाचला असतास. तू दहा पावलं अलीकडे पडलास, सिमेंटवर.

चार दिवसांनी शेठजींनी टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. मयत हा हेल्पर होता. छपरावर चढणं हे फिटरचं काम. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, तो आपल्या मनानं चढला. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. बघ कसं जमून आलं. जिवंत होतास तेव्हा हेल्पर म्हणून स्वस्त पडलास, आणि मेल्यावर हेल्पर म्हणून तिथं तुझं कामच नव्हतं. चंपाला काही मिळालंच तर ते हेल्परच्या पगारावर मिळणार, आणि मी सही केली की तेही मिळायची मारामार. हे सगळं माझ्या एका शब्दावर उभं होतं.

"तुमची दोनच वर्षं राहिली ना?" शेठजी म्हणाले. "सांभाळून घ्या."

तो कागद मी शर्टाच्या खिशात घालून फिरलो. शर्ट बदलला की कागद दुसऱ्या खिशात. हिला दाखवला. तिनं दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, हे लक्षात ठेवा. आणि त्यानं माझी मशीन दुरुस्त केली होती, हेही." म्हणजे मी काय करावं हे तिनंही सांगितलं नाही.

काल कामगारांच्या कचेरीत चौकशी होती. मी सही केली नाही. साहेबांपुढे उभा राहून बयान दिलं. मयत फिटर होता, मालकांनी माझ्यासमोर त्याला वर पाठवलं, आणि हेल्परचं कार्ड ही माझी कल्पना. बोलताना मला वाटत होतं की छातीवरचा दगड उतरतोय, आता सगळं सरळ होईल. मूर्ख मी. शेठजींचे वकील आठ वर्षांचे हजेरीपट घेऊन उठले. एकेक पान साहेबांपुढे उलटत गेले.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"आणि हे?"

"माझंच."

"दर महिन्याला तुम्ही हेल्पर लिहिलंय. खोटं तेव्हा लिहीत होतात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"पुरावा?"

पुरावा नव्हता, वसराम. वेगळं पाकीट कुठल्याच कागदावर नव्हतं. तुझं जुनं कार्ड मी माझ्या हातानं फाडलं होतं. त्याआधीचे हजेरीपट म्हणे उंदरांनी खाल्ले. तीस मशिनी तुझ्या कानानं चालल्या, पण त्यातली एकही साक्षीला येऊ शकत नाही. हमाल आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसवरची माणसं भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय? एकानंही मान वर केली नाही. त्यांना आज कामावर जायचं होतं. मी त्यांना काय म्हणणार? मी तर आठ वर्षं मान वर केली नव्हती.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. जाताजाता शेठजी शांतपणे म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तेव्हा मी चंपाकडे बघत होतो. ती मागच्या बाकावर होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बाहेर पायरीवर ती माझ्यासाठी थांबली.

"बाबू, ते कार्ड तुमी केलतं?"

"हो."

"त्याले मालूम होतं?"

"नाही."

मी वाट बघत होतो. ती जे बोलेल ते ऐकायला मी तयार होतो, त्यासाठीच तर आलो होतो.

"बरं झालं, नाही कयलं त्याले," ती म्हणाली. "जेवाले बसला का तुमचं नाव घे. म्हने, बाबू हाये म्हनून हे ताट हाये." मग पदर सावरला आणि पिशवी काखेत घेतली. "पुढच्या तारखेले या. आज सांगतलं तसंच सांगजा. माह्याकून बोलनारं दुसरं कोनी नाही."

ऑटो आला, ती बसली आणि गेली.

मी जाईन वसराम. पुढच्या तारखेला जाईन, त्याच्या पुढच्याही. हरणार हे माहीत असून जाईन. पण तिनं काल तिथं माझी गचांडी धरायला हवी होती. चार लोकांत एक सणसणीत शिवी हासडली असती, तर मी घरी येऊन दोन घास तरी खाल्ले असते.